आई वायरमन म्हणाली

"म्हण हौसे, इलेक-ट्रि-शियन."

"इलेक्शन."

"इलेक्शन न्हवं गं. सावकाश म्हण. इलेक, ट्रि, शियन."

आईनं ओठ हलवून बघितले, पदर तोंडाला लावला आणि अगदी मनापासून म्हणाली, "इलेक्शन."

एसटीच्या पुढच्या बाकावरचे एक म्हातारबा वळून म्हणाले, "कवा हाय ओ? आमच्या वाडीत कुणी सांगितलंच न्हाई." गाडीतली माणसं हसली. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी खिडकीशी कागदांची पिशवी घट्ट धरून बसले होते. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण माझं पुढं काय होणार ते त्या एका शब्दावर ठरायचं होतं.

तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये प्रवेशाची फेरी होती. नंबरानं नाव पुकारायचे, आत जायचं, टेबलामागच्या साहेबांना कोर्स सांगायचा आणि पावती घेऊन बाहेर यायचं. एकदा सांगितलं की सांगितलं, मग बदल नाही. दहावीला मला बरे मार्क पडले होते, त्यामुळं माझा नंबर वरचा होता आणि इलेक्ट्रिशियनचा कोर्स मिळणार हे नक्की होतं. मामांनी तशी चौकशी करून ठेवली होती. पण उमेदवाराबरोबर फक्त आईला नाहीतर वडिलांना आत सोडतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वडील मी तिसरीत असतानाच गेले होते, आणि परक्या माणसासमोर माझा आवाज घशातच अडकायचा. तेव्हा साहेबांनी पालकाला विचारलं तर आईला नाव नीट सांगता यावं, म्हणून ही तालीम चालली होती.

सर्जेरावमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. साखर कारखान्यात टाइमकीपर होते. वडील गेल्यावर आम्ही दोघी त्यांच्याच घरात राहायला आलो, आणि त्यांनी आम्हाला कधी परकं मानलं नाही. राग त्यांच्या नाकावर असायचा आणि माया त्याच्या मागोमाग यायची. फक्त घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा, आणि पहिलाही बहुतेक त्यांचाच. मला इलेक्ट्रिशियन करायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागाच्या फोरमनशी ते बोलून आले होते. "पोरगी इलेक्ट्रिशियन होऊन आली की घेतो, म्हणालाय," असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. "कारखान्यातली पहिली पोरगी माझी भाची असंल. मी शब्द दिलाय त्याला."

त्या काळात मुलीला असल्या कामाला घालायचं म्हटल्यावर आमच्या वाडीतली माणसं हसली. मामा त्या सगळ्यांना पुरून उरले. त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही.

मला स्वतःला मात्र कारखान्याचं फारसं काही नव्हतं. माझी गोष्ट स्वयंपाकघरापासून सुरू झाली होती. मामांचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला पत्रा ठोकून केलेलं होतं. पावसाळा आला की त्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या यायच्या. कधी बारीक, कधी सणकून. आमच्या वाडीत विजेचं काहीही बिघडलं की पोपट वायरमनला बोलवायचे. खांबावर चढणारा तोही वायरमन, घरातला बल्ब बदलणारा तोही वायरमन, आमच्याकडं दुसरा शब्दच नव्हता. पोपट यायचा, पत्र्याला टेस्टर लावायचा, दिवा लागला की मान हलवायचा आणि म्हणायचा, "पावसाचं असंच असतं. चप्पल घालून भाकरी करा."

तर आई चप्पल घालून भाकरी करायची. चुलीपुढं, निळ्या प्लास्टिकच्या चपला घालून. आलेली पाहुणीमंडळी आधी तिच्या पायांकडं बघायची, मग एकमेकांकडं. आईला त्याची इतकी लाज वाटायची की कुणी आलं की ती चपला काढून ठेवायची आणि मग पत्र्यापासून अंग चोरून बसायची. एकदा तिला तसा सणका बसला आणि हातातली परात उडून पडली. मी तिला उठवायला गेले. त्या संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी म्हणाले, "आई, मला शिकायचंय ते ह्याच्यासाठी. ह्याच्या आत काय होतं ते मला कळलं पाहिजे. नुसता कागद हातात घेऊन पोपटसारखं ‘असंच असतं’ म्हणायचं असलं, तर मी नाही जात."

आई पीठ गोळा करत होती.

त्यानंतरच्या बाजारांना आई तालुक्याला जायची. तशी ती नेहमीच जायची, मामांच्या रानातल्या काकड्या घेऊन. फक्त आता संध्याकाळची पहिली गाडी सोडून शेवटच्या गाडीनं यायला लागली. मामींनी विचारलं तर म्हणायची, "चिरून मीठ लावून दिली की पोरं खातात. मग बसावं लागतं." टोपली रिकामी यायची, त्यामुळं कुणी जास्त विचारलं नाही. मी तर मुळीच नाही.

*

आयटीआयच्या फाटकातून आम्ही आत शिरलो. मामा पुढं, मी मध्ये, आई मागं. फाटकाशी खाकी कपड्यातला एक पोरगा सायकल लावत होता. त्यानं आईकडं बघून हात केला. "मावशी, आज काकडी न्हाई आणली?"

आईनं मागं वळून बघितलं, जसं तिच्या मागं कुणी उभं असावं. "कुणाला म्हणतोय कुणास ठाव," ती म्हणाली आणि भरभर पुढं निघाली.

हॉलच्या दारात शिपाई होता. मामांनी त्याला नमस्कार घातला, कारखान्याचं नाव सांगितलं, पण तो बधला नाही. "आई हाय न्हवं मुलीची? मग आई जाईल. मामा बाहेर." मामा चडफडले. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून एकेक नाव ऐकू येत होतं. माझ्या आधी अजून बरेच जण होते.

"दाखल्याची झेरॉक्स किती हायती?" आईनं विचारलं.

"दोन," मी म्हणाले. "दोनच लागतात."

"तिसरी मागितली तर?"

"नाही मागत गं."

"मागितली अन न्हाई निघाली तर नंबर जाईल की. जा, काढून आण एक." मग ती मामांकडं वळली. "दादा, दुकान हमरस्त्याच्या पल्याड हाय. ट्रका काय कमी हायत का तिथं. तुम्ही जाता का तिच्यासंगं? मी हितं नाव ऐकत बसते."

मामांना ते पटलं. त्यांना नुसतं बसून राहायचा कंटाळाच आला होता. जाताना त्यांनी आईला शेवटची आठवण केली. "आणि नाव पुकारलं तर तू उठून उभी राहा, म्हणावं पोरगी आलीच. अन इचारलंच तर काय सांगायचं?"

"इलेक्शन," आई म्हणाली.

मामांनी कपाळावर हात मारला. "वायरमन म्हणू नको म्हणजे झालं," ते म्हणाले. "तसलाबी कोर्स हाय हितं. आठवी पास पोरं घेतात त्याला."

झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि वीज गेली. आई पुष्कळ गोष्टी करू शकते हे मला पुढं कळलं, पण ती वीज काही तिनं घालवली नव्हती. दुकानदार म्हणाला, येईल आता. मामांनी रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घातल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी पंखा फिरला, मशिन घरघरलं, कागद हातात पडला आणि आम्ही जवळजवळ पळतच परत आलो.

आई बाकावरच बसली होती. पदराच्या टोकाला एक पिवळी पावती गुंडाळलेली होती.

"मधली दोन-तीन पोरं आलीच न्हाईत," ती म्हणाली. "तुझं नाव आलं. मी उठले. झालं सगळं. तुझी सही तेवढी राहिलीया."

मामांचा जीव भांड्यात पडला. "सांगितलंस का नीट?"

"सांगितलं की."

"काय सांगितलंस?"

"वायरमन," आई म्हणाली.

मी मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि नजर खाली वळवली. त्यांनी पावती आईच्या पदरातून सोडवून घेतली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. तिच्यावर ‘तारतंत्री’, म्हणजे वायरमनच, असं छापील नाव होतं. शिपायाला बाजूला सारून ते आत शिरले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि टेबलामागच्या साहेबांचा आवाज येत होता. "अहो, मी विचारलं त्यांना. इलेक्ट्रिशियन मिळतंय म्हणून सांगितलं. आता त्या जागा भरत आल्या, पुढचे नंबर होऊन गेले, मला मागं जाता येत नाही."

"साहेब, तिला काय कळतंय?" मामा म्हणत होते. "अडाणी बाई हाय. आमच्याकडं सगळ्यालाच वायरमन म्हणतात ओ."

मी आत जाऊन सही केली. ‘वायरमन’ म्हटलं की मला एकच माणूस दिसायचा, पत्र्याला टेस्टर लावून मान हलवणारा. ज्याच्यासारखं व्हायचं नाही म्हणून मी आले होते, त्याच्याच नावाच्या कोर्सला माझ्या आईनं मला घातलं होतं.

मामा बाहेर आले ते खाली मान घालून. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण आई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती, दोन्ही हातांनी पदर धरून, आणि तिच्याकडं बघून मामांचा राग कुठल्या कुठं गेला. ते तिच्या शेजारी बसले. "जाऊ दे हौसे," ते म्हणाले. "चूक माझी हाय. सकाळपासनं तुझ्या डोसक्यात नको नको ते शब्द घातले. शेवटाला ‘वायरमन म्हणू नको’ म्हणालो, तेच तुझ्या ध्यानात राहिलं."

"मला काय कळतंय दादा," आई म्हणाली. "फोरमनला काय सांगशीला?"

"सांगीन बहिणीनं गोंधळ केला म्हणून. हसंल, दुसरं काय."

मग ते आम्हाला स्टँडवरच्या हॉटेलात घेऊन गेले आणि आईला मिसळ खायला घातली. त्यांच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस मी पुढं फार बघितला नाही. मी मात्र मिसळीला हात लावला नाही, आणि त्या दिवसापासून पुढं कितीतरी दिवस आईशी धड बोलले नाही.

*

वायरमनच्या बॅचला शिकलगार सर होते. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, खिशात कायम एक पेन्सिल आणि एक पक्कड. पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून त्यांनी विचारलं, इथं का आलात. पोरांनी काहीबाही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "चुकून आले, सर."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "बस," ते म्हणाले. "पुष्कळ बरं झालं. आलेलीच आहेस तर बघून घे."

वर्कशॉपच्या एका टोकाला त्यांनी विटांची एक खोली बांधून घेतली होती. छप्पर नसलेली, दार नसलेली, नुसत्या चार भिंती. त्या भिंतींना छिन्नीनं झिरी मारायची, नळी बसवायची, वायर ओढायची, बोर्ड बसवायचे, गिलावा करायचा. सगळं झालं, दिवे लागले, की सर आम्हाला बाहेर काढायचे आणि एकटेच आत जाऊन कुठंतरी एक खोट करून ठेवायचे. कुठं स्क्रू सैल, कुठं वायर सोललेली, कुठं दोन तारा उलट्या. ती शोधून काढायची. पोरं त्या खोलीला सासर म्हणायची, कारण तिथं कितीही नीट केलं तरी काहीतरी खोट निघायचीच.

खोट सापडली की आम्हाला वाटायचं, सुटलो. तेव्हा सर खरा प्रश्न विचारायचे. "सापडली. बरं. इथं सैल असताना दिवा तिथं का मिणमिणला?" मग भिंतीवर पेन्सिलीनं रेघा काढायच्या, वीज कुठून निघाली, कुठं अडली, कुठून परत गेली ते दाखवायचं. ‘का’ सांगता आलं नाही तर खोट सापडलीच नाही असं धरायचे. माझ्या डोक्यात विटांचा भुगा आणि नखांत सिमेंट बसलं ते कायमचंच. घशात अडकणारा आवाजही त्या खोलीत कधी सुटला ते मला कळलं नाही, कारण पोरांशी भांडल्याशिवाय तिथं निभाव नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. परतीचा पाऊस लांबला होता आणि आई निळ्या चपला घालून भाकरी थापत होती. मी मेन स्विच बंद केला, स्टूल घेतलं आणि पत्र्याच्या कडेनं गेलेली वायर हातभर-हातभर चाचपत निघाले. मामा कंदील धरून मागं उभे होते. वर वाशाजवळ, पत्रा ठोकताना कुणीतरी मारलेला एक खिळा सापडला. तो वायरीच्या अंगाला घासून आत शिरला होता. कोरडं असताना गप्प राहायचा, ओल आली की पत्र्यात वीज सोडायचा. मी खिळा उपटला, तिथली वायर कापून नवी घातली, पत्र्यापासून लांब लाकडावरून नेली.

"चालू करा मामा," मी म्हणाले. दिवा लागला. मी टेस्टर लावून बघितला, मग हाताची पालथी बोटं पत्र्याला लावली. काही नाही.

आईनं माझ्याकडं बघितलं. तिनं एक चप्पल काढली, मग दुसरी काढली, दोन्ही उचलून बाहेर नेऊन टाकल्या आणि अनवाणी येऊन चुलीपुढं बसली. बसताना तिनं पाठ सरळ त्या पत्र्याला टेकली. कितीतरी वर्षांनी. "गार लागतोय," एवढंच म्हणाली आणि पुढची भाकरी परातीत घेतली. मला रडू आलं. आमचं बोलणं तिथून परत सुरू झालं.

मामांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला तो खिळा दाखवला. आणि त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट कायमची होऊन बसली. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की मामा सुरू करायचे. "आमची हौसा. एसटीत तासभर घोकून घेतलं, इलेक्ट्रिशियन म्हण, तर म्हणायची इलेक्शन. आत गेली आणि म्हणाली वायरमन. पण देवाची करणी बघा, त्या चुकीचंच पोरीनं सोनं केलं." सगळे हसायचे. आई पदर तोंडाला लावून खाली बघायची. कुणी आग्रह केला तर लाजत लाजत म्हणूनही दाखवायची, "इलेक्शन." मामा पोट धरून हसायचे.

*

मामा गेले त्याला आता वर्ष होऊन गेलं. फोरमननं कबूल केलेली कारखान्यातली ती जागा काही कुणा मुलीला मिळाली नाही, पण मामांनी ते मनाला लावून घेतलं नाही. माझ्या नावाची पाटी दुकानावर लागली तेव्हा नारळ त्यांनीच फोडला. तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींत आज माझी वायर आहे. आई माझ्याजवळ असते. बाहेरच्या खोलीत मामांचा फोटो आहे, टोपी घातलेला, मान ताठ.

गेल्या जूनमधली गोष्ट. मी बाहेरच्या खोलीत खाली बसून एका बंगल्याचा बोर्ड भरत होते. आई पलीकडं मेथी निवडत होती. शेजारची सुनंदा आली. तिची मुलगी दहावी झाली होती आणि तिला माझ्यासारखं काम शिकायचं होतं. "कशाला घालू ओ ताई?" तिनं मला विचारलं. "कुणी काय सांगतंय, कुणी काय."

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. मेथीवरची नजर न काढता, अगदी सहज.

"इलेक्ट्रिशियनला घाल न्हाईतर वायरमनला घाल. नावात काय न्हाई. आधी जाऊन मास्तर बघून ये. पोरगी द्यायची तर आधी घर बघतीस का न्हाई? तसंच बघायचं. अन सांगून जाऊ नको. सांगून गेलं की सगळीच घरं झाडून ठेवलेली असतात."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. इलेक्ट्रिशियन. ट्रि स्वच्छ, शियन स्वच्छ, एकही अक्षर न सांडता. सुनंदा थोडा वेळ बसून गेली. मी बोर्ड बाजूला सारला.

"आई, आत्ता काय म्हणालीस तू?"

"काय म्हणाले?"

"तू कधी बघायला गेली होतीस? मास्तर?"

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. देठं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "काकड्या घेऊन जायची न्हवं. फाटकाशी निंबाच्या झाडाखाली बसायची."

फाटकाशी सायकल लावणारा तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

"इलेक्ट्रिशियनची पोरं माझ्याआधीच सावलीत येऊन बसलेली असायची," आई सांगायला लागली. "दिवसभर तिथंच. हात बघावं तर एकाच्याबी नखात काळं न्हाई. त्यांचा मास्तर बदलून गेला हुता अन दुसरा आलाच नव्हता. ती पोरं तरी काय करतील? वायरमनची पोरं मधल्या सुट्टीला यायची. डोक्यात भुगा, अन खाता खाता भांडायची, खोट हितं हुती का तिथं हुती म्हणून. एकानं तर माझ्या मिठाच्या ताटलीत बोटानं वायरी काढून दाखवल्या दुसऱ्याला. सगळं मीठ काळं केलं."

"आणि सर?"

"त्योबी यायचा. एकदा मी म्हणलं, मास्तर, आमच्या पत्र्याला पावसात करंट येतो, पोपट म्हणतो असंच असतं. तर खायचा थांबला बघ. म्हणाला, मावशी, असंच असतं असं काय नसतं, काहीतरी असतंच. अन हातातली काकडी तशीच धरून माझ्यापुढं खाली बसला अन समजावून सांगायला लागला. मला काय ते कळलं न्हाई. पण काकडीवालीपुढं खाली बसून सांगतोय, त्यो माझ्या पोरीला सांगंल, एवढं कळलं."

मी तिच्याजवळ सरकले. "साहेबांनी तुला विचारलं होतं. इलेक्ट्रिशियन मिळतंय म्हणून."

"दोनदा इचारलं त्यांनी. मी दोनदा सांगितलं. म्हणलं, साहेब, वायरमनच लिवा, अन भाऊ आला तर माझं चुकलं म्हणून सांगा. ते हसले. भला माणूस."

"आणि ती तिसरी झेरॉक्स?"

आई नुसती हसली.

"मामांना सांगितलं असतंस तर? ते काही वाईट नव्हते."

"वाईट?" आई एकदम म्हणाली. "त्यांच्यासारखा भाऊ मिळायला पुण्याई लागती. म्हणून तर न्हाई सांगितलं. त्यांनी चारचौघांत शब्द दिला हुता. मी म्हणले असते, दादा, तुमचं चुकतंय, तर त्यांचा शब्द त्यांच्याच घरात खाली पडला असता. येड्या बहिणीवर माणूस हसतो अन इसरून जातो. शहाण्या बहिणीला घरात ठेवायला जड जातं. अन आपण ऱ्हात हुतो कुणाच्या घरात?"

"निदान मला सांगायचंस. मी बोलत नव्हते तुझ्याशी."

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, रत्ना. त्यांनी नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं." तिनं पुन्हा मेथी हातात घेतली. "आज ना उद्या बोलशील म्हणलं. मी चपला काढल्या तवा बोललीस की."

मी तिच्याकडं बघत राहिले. जन्मभर चार माणसांत स्वतःला अडाणी ठरवून घेतलेली ही बाई, माझ्यासाठी. मी भिंतीआडच्या खोटी शोधून पोट भरते, आणि माझ्या घरात इतकी वर्षं लपलेली ही गोष्ट मला सापडली नव्हती. तिचे पाय धरावेत असं वाटलं, पण तिला ते आवडलं नसतं.

"आई," मी म्हणाले, "परत एकदा म्हण की."

"काय?"

"तेच. मगाशी म्हणालीस ते."

आईनं मान वर केली. तिची नजर समोर भिंतीकडं गेली, मामांच्या फोटोवर थांबली. तिनं हळूच पदर तोंडाला लावला.

"इलेक्शन," ती म्हणाली.